नवी वायर टाकली तरी गियर पुन्हा का अडकतो? जुन्या एमटीबीचा पूर्ण इलाज

जुन्या एमटीबीवाल्यांची, म्हणजे माउंटन बाइकवाल्यांची, तक्रार साधारण अशी असते. मागची चेन लहान चक्रावरून मोठ्यावर न्यायची असेल तर ती मुकाट चढते. पण तीच परत लहान चक्रावर आणायची म्हटली की शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गियर बदलायचा खटका, ‘टक्’ करतो आणि चेन जागची हलत नाही. बराच वेळ पायडल मारत बसावं लागतं, नाहीतर एखाद्या खड्ड्यात सायकल आदळावी लागते. मग ती एकदम दोन चक्रं खाली येऊन पडते. दुकानात नेली की बोलणंही ठरलेलं असतं.

“भाऊ, गियर नाही पडून राहिला.”

“वायर ढिली झाली असंन. कसून देतो.”

वायर कसली जाते. स्टँडवर चार वेळा गियर फिरवून दाखवला जातो. आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. पुढच्या खेपेला नवी वायर पडते आणि पावसाळा मध्ये आला तर तीही दोन महिन्यांत अडकायला लागते. तिसऱ्या खेपेला दोष डिरेलरवर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्रावर, जातो आणि चांगला डिरेलर बदलायचा सल्ला मिळतो. बऱ्याच वेळा गरज फक्त आउटर, म्हणजे वायरीवरचं आवरण, बदलायची असते, पण त्याच्याकडे कोणी बघतच नाही. गंजलेल्या पाइपाला नवी तोटी बसवावी तसं हे काम चाललेलं असतं.

आधी ‘ढिली आहे, कसा’ या निदानाचा निकाल लावू. चेन मोठ्या चक्रावर चढते ती तुमच्या अंगठ्याच्या जोरावर. लहान चक्रावर उतरते ती डिरेलरमधल्या स्प्रिंगच्या जोरावर, आणि स्प्रिंगला ते करताना अख्खी वायर मागे खेचून न्यावी लागते. अंगठ्यात ताकद भरपूर, स्प्रिंगमध्ये बेताची. त्यामुळे वायर कुठेही घासायला लागली की आधी बिघडतं ते उतरणं. चढणं बराच काळ ठीकच वाटतं. उलट वायर खरंच ढिली असेल तर उतरायला काहीच अडचण येत नाही, चेन चढायला मात्र कां-कू करते. तेव्हा ‘चढत नाही’ असेल तर वायर थोडी ताणा. ‘उतरत नाही’ असेल तर ताणू नका, कारण ताणली की ती आणखीच उतरणार नाही. दोन्हीकडे अडतं आहे आणि कधी बरोबर, कधी चूक असा लहरी कारभार आहे, तरीही संशय घर्षणावरच घ्यावा.

एवढ्याशा घर्षणाने एवढा गोंधळ का होतो, हे आकड्यांत बघितलं की पटतं. आपल्याकडच्या जुन्या एमटीबींवर बहुतेक ३ × ७ म्हणजे २१ गियर असतात. टूर्नी, अल्टस असा शिमानोचा किंवा त्याच मापाचा माल. फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या ७ चक्रांच्या जुडग्यावर, एका चक्रापासून दुसऱ्याचं अंतर ५ मिमी असतं. शिफ्टर एका क्लिकला साधारण २.९ मिमी वायर ओढतो आणि डिरेलर त्याच्या सुमारे १.७ पट सरकतो. वायरीचा एकच मिलिमीटर आउटरमध्ये अडकून राहिला तर डिरेलर जवळपास पावणेदोन मिमी चुकतो, म्हणजे दोन चक्रांमधल्या अंतराचा एक तृतीयांश. एवढी चूक असली की चेन खडखडते आणि मनाला येईल तेव्हा उडते.

जुन्या काळी हे चालून जायचं. शिफ्टरला क्लिक नव्हते, दांडी हाताने सरकवत चेन नीट बसेपर्यंत अंदाज घ्यायचा. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या रोड बाइकच्या सेटवर क्लिकची पद्धत आणली आणि पुढे ती एमटीबींवरही आली. त्या दिवसापासून वायर किती ओढायची हे शिफ्टर ठरवतो, तुम्ही नाही. त्यामुळे आउटरमधली चूक झाकून घेणारं कोणी उरलं नाही. बऱ्याच स्वस्त एमटीबींवर डावा, म्हणजे पुढच्या चेनव्हीलचा शिफ्टर अजूनही जुन्या घाटाचा किंवा बारीक बारीक खाचांचा असतो. पुढच्या गियरच्या तक्रारी कमी ऐकू येतात त्या म्हणूनच.

आउटर खराब होतो कसा

गियरच्या आउटरमध्ये तीन थर असतात: वरून प्लास्टिक, मध्ये पोलादी तारा आणि आत वायर सरकायला गुळगुळीत प्लास्टिकची नळी. ही आतली नळी घासली, चिरली किंवा तिच्यात गाळ बसला की नवी वायर टाकून काही उपयोग नाही. नवी वायर त्याच गाळातून सरकणार.

नागपुरात गाळाला तोटा नाही. हिंगण्याकडे किंवा काटोल रोड सोडून आतल्या कच्च्या रस्त्यांवर पावसाळ्यात सायकल घातली की काळी माती पुढच्या चाकावरून थेट खाली, बीबीच्या म्हणजे पायडलचा आस बसतो त्या नळीच्या पोटाशी फेकली जाते. तिथे एक प्लास्टिकची पट्टी असते, तिच्या खाचांतून दोन्ही वायरी उघड्या जातात. ओली असताना ही माती चिकट, वाळली की दगड. मागची वायर तिथून चाकाच्या दांडीवरून पुढे जाते आणि डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणाच्या आउटरमध्ये शिरते. उघड्या वायरीवरचं मातीचं पाणी तिच्यासोबत आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. पोळ्याच्या आसपास गियर अडकलेल्या सायकली वाढतात त्या या शेवटच्या वीतभर-दीड वीतभर तुकड्यामुळे. अख्ख्या सायकलवर एकच तुकडा बदलायचे पैसे असतील तर हाच बदला.

उन्हाळ्याचा त्रास वेगळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना सायकल गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडबाहेर उभी राहिली की आउटरचं वरचं प्लास्टिक कडक होतं आणि वळणांवर तडकतं. हँडलजवळचा आउटर हळूच वाकवून बघा. बारीक आडव्या चिरा दिसल्या तर जूनच्या पहिल्या पावसात पाणी तिथूनच आत जाणार आणि मधल्या तारा गंजणार. त्यात रस्त्यांच्या सिमेंटीकरणाची धूळ. कोरडी धूळ तशी फार बाधत नाही. पण कोणीतरी प्रेमाने आउटरमध्ये इंजिन ऑइल सोडलेलं असतं, आणि धूळ अधिक ऑइल म्हणजे घासायचा मसालाच तयार झाला.

तेलावरून आठवलं. आमच्या कॉलनीतल्या एका पोराच्या सायकलचा गियर डिसेंबरात सकाळी शाळेच्या वेळी अजिबात हलायचा नाही आणि दुपारी घरी येताना एकदम लोण्यासारखा पडायचा. घरचे म्हणत, पोरगं शाळेत न जायचे बहाणे करून राहिलं. आउटर काढून टोकाकडे बघितलं तर आत पांढरं काहीतरी बसलेलं. आजोबांनी मायेने खोबरेल तेल सोडलं होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं आणि डिसेंबरातल्या नागपुरी सकाळी पारा दहाच्या घरात असतो. उन्हं वर आली की तेल वितळायचं, गियर मोकळा. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, “मशीनला तेल नाही तर काय शिकेकाई टाकू?” मुद्दा बरोबर होता, फक्त तेल चुकीचं होतं.

वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवाराही टाळा. पाण्याचा झोत आउटरच्या टोपीवर धरला की चिखल बाहेर येण्याऐवजी आत जातो. बादली आणि जुना ब्रश बरा.

वायरच दोषी आहे का, हे कसं ओळखायचं

पाने बाहेर काढण्याआधी तीन गोष्टी बघा. तिन्हीला हत्यार लागत नाही.

सायकलचं मागचं चाक उचलून पायडल फिरवत रहा आणि फ्रेमच्या दांडीवरची उघडी मागची वायर बोटाने धनुष्याच्या दोरीगत बाहेर ओढा. डिरेलर आत सरकेल, चेन मोठ्या चक्रांकडे चढेल. आता वायर सोडा. डिरेलर ताबडतोब आणि पूर्ण परत आला पाहिजे. रेंगाळत आला, मध्येच थांबला, म्हणजे दोष तुमच्या हाताच्या पुढे आहे, शेवटच्या आउटरमध्ये किंवा खुद्द डिरेलरमध्ये. इथे सगळं झटपट होत असेल आणि शिफ्टरने मात्र अडत असेल, तर हँडलकडचा आउटर किंवा शिफ्टर बघायचा.

डिरेलर की आउटर हे वेगळं करायला एक सोपी युक्ती आहे. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चढवा. पायडल थांबवा. चाक न फिरवता शिफ्टर ७ नंबरपर्यंत, म्हणजे सगळ्यात लहान चक्राच्या गियरवर, नेऊन ठेवा. चेन जागीच अडकलेली, वायर मात्र सैल पडते. आता फ्रेमवरच्या चिरलेल्या खोबणीतून आउटरचे तुकडे सहज बाहेर निघतात, काही उघडावं लागत नाही. आउटर वायरीवर पुढे-मागे सरकवून बघा. चांगला असेल तर सुळकन सरकतो. खरखर लागली, जागोजागी अडलं, वायरीवर तांबूस डाग दिसले, तर निकाल लागला. आउटर सैल असतानाच डिरेलर हाताने आत ढकलून सोडा. तो स्वतःहून फाडकन परत येत नसेल तर त्याचे सांधे जाम आहेत. रॉकेलने धुवा, हलवत रहा, सांध्यांत पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडा आणि बाहेरचं पुसून काढा. तेवढ्याने सुटला तर डिरेलर बदलायची गरज नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मागून बघणं. डिरेलरचे दोन रोलर आणि वरचं चक्र एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. पार्किंगमध्ये सायकल उजव्या अंगावर पडली की गियरचा हुक, म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो, आत वाकतो, आणि मग केबल सोन्याची टाकली तरी काही गियर बरोबर आणि काही चूक राहतात. हुक सरळ करायचं माप लावायचं अवजार असतं, ते असलेल्या दुकानातच हे काम करून घ्या. अंदाजाने पाना घालून वाकवला तर तुटू शकतो.

एक प्रकार असा की शिफ्टरचा खटका दाबला तर काहीच लागत नाही, नुसता पोकळ जातो, आणि वायर हलतही नाही. हा वायरीचा दोष नाही. शिफ्टरच्या आतलं मूळचं ग्रीस वर्षानुवर्षांच्या उन्हाने सुकून घट्ट झालंय आणि आतली पावलं, म्हणजे खाचांत अडकणारे बारीक खटके, त्यात चिकटून बसलीत. डब्ल्यूडी-४० किंवा तसला कुठलाही पातळ स्प्रे आत भरपूर मारा, खटका दाबत रहा, मळ वाहून जाऊ द्या, मग वाळल्यावर दोन थेंब तेल. एका वेळेस नाही सुटला तर रात्रभर ठेवून पुन्हा करा. स्क्रू काढून शिफ्टरचं पोट मात्र उघडू नका. आतली स्प्रिंग उडाली की ती परत जागी बसवणं महाकठीण.

दुकानात काय मागायचं

‘गियर वायर द्या’ एवढ्यावर थांबू नका. वायर आणि आउटर दोन्ही, आउटर गियरचाच, आणि सोबत टोप्या. इतवारीतलं होलसेल दुकान असो की गल्लीतलं, माल तोच असतो, फक्त गडबडीत ब्रेकचा आउटर कापून हातात पडायची शक्यता असते. वरून दोन्ही काळे, दोन्ही सारखेच. कापलेलं टोक बघा. गियरच्या आउटरच्या टोकाला नळीभोवती बारीक तारांचे ठिपके गोलाने दिसतात, कारण त्या तारा लांबीत सरळ जातात. ब्रेकच्या आउटरमध्ये एकच चपटी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. जाडीही वेगळी, गियरचा सहसा ४ मिमी, ब्रेकचा ५ मिमी. गुंडाळीचा आउटर वाकला आणि दबला की त्याची लांबी थोडी बदलते. ब्रेकला ते चालतं, पण गियरला एकेक मिलिमीटर मोजावा लागतो हे वर बघितलंच. ‘नवीन आउटर टाकूनही गियर जुळत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हा ब्रेकचा आउटर निघतो.

उलटी अदलाबदल तर कधीच नको. गियरचा आउटर ब्रेकला लावला तर जोरात ब्रेक दाबल्यावर सरळ तारा टोपी फाडून बाहेर येऊ शकतात आणि ब्रेक एकदम जातो. सेमिनरी हिल्सच्या उतारावर ते नको.

वायर १.१ किंवा १.२ मिमीची, टोकाला लहानसा गोल मणी असलेली. ब्रेकची वायर दीड मिमीच्या पुढे जाड असते आणि तिचा मणीही मोठा. स्टेनलेस मिळाली तर तीच घ्या, साध्या गॅल्व्हनाइज्ड वायरीला पावसाळ्यात गंज धरतो. फरक तर्री-पोह्याच्या एक-दोन प्लेटींचा. काही वायरींना दोन्ही टोकांना वेगवेगळे मणी असतात. कापण्याआधी आपल्या शिफ्टरचा जुना मणी शेजारी धरून बघा, कारण चुकीचा मणी राखून बरोबरचा उडवला की वायर वाया.

काढणं आणि कापणं

मागचा शिफ्टर ७ वर आणि पुढचा १ वर आणा, म्हणजे दोन्ही वायरी सगळ्यात सैल. डिरेलरवरचा वायर दाबणारा बोल्ट ढिला करा, तो ५ मिमीच्या एल-कीने किंवा ९ च्या पान्याने खुलतो. खोलण्याआधी मोबाइलवर जवळून एक फोटो घ्या. वायर बोल्टच्या कोणत्या बाजूने आणि वॉशरच्या कोणत्या खाचेतून गेली होती हे नंतर हमखास आठवत नाही, आणि चुकीच्या बाजूने गेली तर ओढीचं मापच बदलतं.

टोकाची टोपी कापून टाका आणि वायर शिफ्टरच्या बाजूने ढकला. बटणाच्या शिफ्टरवर एक प्लास्टिकचा स्क्रू किंवा लहान झाकण असतं, ते काढल्यावर मणी बाहेर डोकावतो. फिरवायच्या ग्रिपवर रबराखाली भोक असतं, काहींना वरची पट्टी काढावी लागते.

खरी किरकिर असते वायर शिफ्टरच्या आत तुटलेली असेल तेव्हा. मण्याजवळ वायर रोज वळते, तिथल्या तारा एकेक करून तुटतात. त्याची लक्षणं आधी दिसतात. गियर अचानक जड होतो, रोज थोडं ताणावं लागतं, मग एके दिवशी खटका मोकळा आणि चेन सगळ्यात लहान चक्रावर. मणी आत राहिला तर भोकातून टॉर्च मारा, उलट्या बाजूने दाभणाने किंवा जुन्या स्पोकच्या टोकाने ढकला आणि बारीक चिमट्याने ओढा. तुटलेल्या तारांचे केसासारखे तुकडेही आत असतात, ते बोटात घुसतात आणि आतली पावलंही अडवतात. सायकल उलटी करून सगळे झटकून काढल्याशिवाय नवी वायर घालू नका.

आता आउटर. जुना तुकडा शेजारी ठेवून त्याच्याच लांबीचा नवा कापायचा, पण जुना बरोबर होता का हे आधी बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आउटर कुठेही ताणला जाता कामा नये. वळताना गियर आपोआप बदलत असेल तर तो आखूड आहे. शेवटचं वळण डिरेलरमध्ये सरळ शिरलं पाहिजे. आखूड असला की तिरपा शिरतो, लांब असला की बाहेर लोंबतो आणि झुडपात अडकतो.

कापण्याचा भाग नीट झाला तर अर्धं काम झालं. साध्या पक्कडीने आउटर चेपतो, आतली नळी बंद होते आणि तारा वेड्यावाकड्या होतात. छिन्नी-हातोडीनेही तेच. केबल कटर असेल तर उत्तम, नसेल तर धारदार कटिंग प्लायर. कापण्याआधी आउटरमध्ये जुन्या वायरीचा तुकडा घाला आणि दोन्ही एकदम कापा, म्हणजे नळीला आतून आधार राहतो. मग टोक कानशीने सपाट घासा. बोटावर टेकवलं तर सगळीकडे सारखं लागलं पाहिजे, तिरपं नाही. शेवटी दाभण घालून हलके फिरवा आणि दबलेलं नळीचं तोंड पुन्हा गोल करा. ही शेवटची पायरी दुकानात घाईमुळे सुटते, आणि नवा कोरा आउटर पहिल्या दिवसापासून घासायला लागतो. प्रत्येक टोकाला टोपी, आणि टोपी फ्रेमच्या खोबणीत पूर्ण आत.

बीबीखालची पट्टी काढून धुवा. तिच्या खाचा वायरीने खोल कापल्या असतील तर पट्टीही बदला, दुकानात सुटी मिळते.

चांगल्या नळीच्या आउटरला आत तेल लागत नाही. मन मानत नसेल तर फडक्यावर मशीन ऑइलचा थेंब घेऊन वायर पुसा, तेवढं पुरे. पावसाळ्यात चिखलात जाणाऱ्यांनी शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत एकच अखंड आउटर टाकायचा विचार करावा. फ्रेमवर झिप टायने बांधता येतो, उघडी वायर कुठेच राहत नाही, मातीला आत शिरायला जागा नाही. घर्षण थोडं वाढतं आणि दिसायला बरं दिसत नाही, पण काळ्या मातीत मला हाच सौदा परवडणारा वाटतो.

जुळवणी

वायर बांधण्याआधी डिरेलरवरचा एच (H) खुणेचा स्क्रू तपासा. वायर मोकळी असताना वरचा रोलर सगळ्यात लहान चक्राच्या बाहेरच्या कडेखाली बरोबर उभा राहिला पाहिजे. एच कसला की रोलर चाकाकडे जातो, ढिला केला की बाहेर. आधीपासून बरोबर असेल तर हात लावू नका. गियर अडकला की आधी एच-एल पिळायची सवय बऱ्याच जणांना असते. हे दोन स्क्रू फक्त दोन टोकांच्या मर्यादा ठरवतात, एच लहान चक्राकडची आणि एल (L) मोठ्या चक्राकडची, मधल्या गियरशी त्यांचा काही संबंध नाही.

डिरेलरवरची गोल ताणकळी, म्हणजे बॅरल, पूर्ण आत फिरवा आणि एक-दोन फेरे बाहेर काढा, म्हणजे पुढे दोन्हीकडे जुळवायला जागा राहते. वायर हाताने ताठ ओढा, फोटोतल्या खाचेत बसवा, बोल्ट कसा. खूप जोर नको, वायर चेपून तुटते. मग उघडी वायर हाताने दोन-चार वेळा जोरात बाहेर ओढा. नवी वायर ‘लांबते’ असं सगळे म्हणतात, पण मुख्यतः टोप्या आणि आउटरची टोकं आपापल्या जागी बसतात. ते आत्ताच बसवून घ्या, ढिलेपणा आला असेल तर बोल्ट सोडून पुन्हा ओढा. हे केलं की आठवड्याने ‘कसून’ घ्यायला जावं लागत नाही.

पायडल फिरवत एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चक्रावर गेली नाही तर बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा. तिसऱ्यावर उडी मारली तर उलटं. दुसऱ्या चक्रावर स्थिर झाली की बॅरल हळूहळू बाहेर फिरवत रहा. चेन तिसऱ्या चक्राला घासून खरखरायला लागेल. तिथून पाव-पाव फेरा परत आत, आवाज नुकताच बंद होईपर्यंत. बाकीचे गियर मग आपोआप जुळतात. शेवटी सगळ्यात मोठ्या चक्रावर जाऊन डिरेलर हाताने आत ढकलून बघा. स्पोकला भिडत असेल तर एल कसा. चेन चक्र आणि स्पोकच्या मध्ये पडली तर चाक आणि डिरेलर दोन्ही जातात, तेव्हा हे तपासल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

पुढच्या डिरेलरचं काम याच क्रमाने होतं. त्याच्या पिंजऱ्याची, म्हणजे चेन ज्यातून जाते त्या चौकटीची, बाहेरची पट्टी मोठ्या चेनव्हीलच्या दात्यांच्या १ ते ३ मिमी वर आणि चेनव्हीलला समांतर हवी. बाकी त्यात फार काही नाही.

वायरीचं उरलेलं टोक तीन-चार बोटं सोडून कापा आणि ॲल्युमिनियमची टोपी चेपून बसवा. टोपी नसेल तर कापायच्या जागी आधी फेविक्विकचा थेंब जिरवा, वाळल्यावर कापा. तारा विखुरत नाहीत आणि पुढच्या वेळी वायर आउटरमधून अखंड बाहेर येते.

इतकं करूनही जोर लावला की चेन उडतेच

स्टँडवर सगळे गियर सुतासारखे पडतात, पण फुटाळ्याच्या चढावर उभं राहून जोर मारला की चेन कडकन घसरते. हे केबलचं काम नाही, त्यासाठी पुन्हा बॅरल पिळू नका. चेन मोजा. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये १२ इंचांच्या खुणेवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच पुढे असेल तर तिने फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेले असतात. अशा वेळी नुसती चेन नवी टाकली तर ती जुन्या दात्यांवर आणखी उडते, म्हणून दोन्ही एकदम बदला. एकाच चक्रावर उडत असेल, बहुधा रोज वापरातल्या मधल्या एखाद्या, तर त्याचे दाते वाकड्या नखासारखे झालेत का बघा. फ्रीव्हील काढायला खाचांचा वेगळा पाना आणि लांब दांडी लागते. घरी तो पाना नसेल तर फक्त मागचं चाक काढून दुकानात न्या, अख्खी सायकल न्यायची गरज नाही.